गवताचे नळ आणि आपली विहीर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे, 'थंडी आणि पाण्याचे पाइप'. सकाळपासून चारपाच जणांनी विचारून झालं, की कोरडवाहूवाल्यांच्या मेळाव्यात पाइप आले कुठून? बरोबर आहे. मघाशी आम्ही हात वर करायला सांगितले तेव्हा एवढ्या मोठ्या मांडवात तुषार संचवाले निघाले अकरा, ठिबकवाले सात. बाकी आपण सगळे वर बघून शेती करणारे. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, आणि तोही अमेरिकेतल्या हिरवळीच्या पाइपांचा. हसू नका. शेवटी गोष्ट आपल्याच विहिरीवर येते.

आम्ही नवराबायको २०१९ साली पेरण्या आटोपून, वावर धाकट्या भावाच्या हवाली करून, पोराकडे गेलो होतो. सूनबाईचं बाळंतपण होतं. पोरगा कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराला लागून असलेल्या ऑरोरा गावी राहतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे, पश्चिमेला डोंगराची रांग, पूर्वेला सपाट माळ. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला पंधरा इंच पडतात. पंधरा इंच! अकोल्यात त्याच्या दुप्पट पडतो आणि आपण त्याला अवर्षणाचा मुलूख म्हणतो. अशा ठिकाणी प्रत्येक घरापुढे आणि घरामागे हिरवंगार गवत. जनावर नाही, गोठा नाही, गवत कापायचं आणि फेकून द्यायचं. पहिल्या दिवशी आमच्या घरधनिणीने विचारलं, "एवढा चारा, आणि म्हैस कुठाय?" सूनबाई पोट धरून हसली.

हे गवत पावसावर जगत नाही. जमिनीखाली वीतभर ते हातभर खोल पाइप गाडलेले असतात, ठरल्या वेळी पहाटे जमिनीतून नोझल वर येतात, दहाबारा मिनिटं पाणी मारतात आणि परत खाली जातात. पोराच्या घराची हिरवळ जेमतेम दोन गुंठ्यांची, आणि तिला पाच व्हॉल्व्ह! आपल्याकडे पाच एकराला एक असतो. त्या भागात घरगुती वापराच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी घराबाहेर जातं, म्हणजे मुख्यतः गवताला.

दसरा त्या वर्षी ८ ऑक्टोबरला होता. इकडे पहिल्या वेचणीचे दिवस. भावाचा फोन आला, की बोंडं चांगली फुटली आहेत, सीतादही करून घेतलं. आम्ही तिकडे सोनं म्हणून कुठल्याशा झाडाची पानं वाटून मोकळे झालो होतो. पण रविवारपासूनच टीव्हीवर एकच धोशा होता, की गुरुवारी थंडी येणार, बर्फ पडणार, फवाऱ्यांचे पाइप सांभाळा. बाहेर ऊन तर असं, की अंगात सदरा नको वाटे. आमचा विश्वास बसेना. पोराने पाइपातलं पाणी काढून देणाऱ्या तीन कारागिरांना फोन लावले. सगळ्यांच्या याद्या आठवडाभर भरलेल्या. पहिली थंडी तिकडे ऑक्टोबरात येतेच, लोक त्याच सुमारास हे काम करून घेतात. पण अशी एकदम कोसळणार म्हटल्यावर साऱ्या गावाचं काम एका दिवसावर आलं. सोंगणीच्या वेळी मजूर मिळत नाही तशी गत. त्यात पोराला मंगळवारी कामासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. घरात ओली बाळंतीण, तान्हं पोर आणि आम्ही दोघं.

बुधवारी दुपारी तिथला पारा ८३ होता. त्यांच्या फॅरनहाइट मापाने. आपल्या मापाने अठ्ठावीस. त्यानंतर साधारण एका दिवसात तो वीसच्या खाली गेला. वीस म्हणजे आपले उणे सहा-सात. हे पुढचं झालं. बुधवारी चार वाजता मात्र आम्ही बनियनवर अंगणात उभे होतो आणि फोनवर पोरगा सांगत होता, "बाबा, आधी तळघरात जा."

आम्ही आधी तळघरात गेलो नाही, कारण आम्ही तीस वर्षं मोटारपंप हाताळलेले शहाणे! घराच्या भिंतीबाहेर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर पितळेचं एक यंत्र उभं असतं. खालून एक पाइप वर येतो, यंत्रातून वळसा घेतो आणि दुसरा पाइप खाली जमिनीत जातो. त्यावर दोन चाव्या. आम्ही दोन्ही चाव्या गच्च बंद केल्या आणि फोनवर सांगितलं, "झालं." पोरगा म्हणाला, "हेच करायचं नव्हतं."

आता हे नीट ऐका. पाणी गोठताना आकसत नाही, फुगतं. शंभर भांडी पाणी असेल तर गोठल्यावर साधारण एकशे नऊ भांडी जागा मागतं. बर्फाच्या पेटीत काचेची बाटली काठोकाठ भरून ठेवली की तडकते, ती यामुळेच. पाइपात पाणी दोन्ही बाजूंनी कोंडलेलं असेल तर फुगायला जागा कुठे? मग बर्फ मागच्या पाण्याला दाबतो आणि पितळ असो, लोखंड असो, फाटतं. म्हणजे थंडीत चावी बंद करून पाणी कोंडणं हे रक्षण नव्हे, तीच खरी घात करणारी गोष्ट. बंद करायची ती मागून येणारी धार, आणि पुढचं सगळं उघडून रिकामं करायचं.

म्हणून क्रम असा. पहिल्यांदा तळघरात, जिथे गरम असतं, तिथली फवाऱ्याची मुख्य चावी बंद. त्या चावीच्या पुढे पाइपाला एक लहान टोपण असतं, त्याखाली बादली धरून ते उघडायचं. मग बाहेर येऊन पितळी यंत्राच्या दोन्ही चाव्या उघडायच्या, म्हणजे हवा आत शिरते आणि पाइपातलं पाणी तळघरात बादलीत उतरतं. आमची बादली भरली, दुसरी अर्धी भरली, घरधनीण वर-खाली करत होती. यंत्राच्या अंगावर पेचकसाने फिरवायचे दोन बारीक कॉक असतात, तेही उघडे ठेवायचे. शेवटी दोन्ही चाव्या पूर्ण उघड्याही नाही आणि पूर्ण बंदही नाही, अर्ध्यावर तिरप्या ठेवायच्या. हे का, ते आम्हाला आधी कळेना. मग पोराने सांगितलं, की त्या चावीच्या पोटात छिद्र पाडलेला गोळा असतो. चावी पूर्ण उघडी असो वा पूर्ण बंद, गोळ्याच्या आतबाहेर घोटभर पाणी अडकून राहतं आणि तेवढं घोटभर पाणी पितळ फोडायला पुरतं. तिरपी ठेवली की तेही निघून जातं. एवढी बारीक गोष्ट, पण तिच्यावरच सगळं अवलंबून.

मग यंत्राला गुंडाळायचं काय? तिकडे दुकानात त्यासाठी फुगीर पिशव्या मिळतात, पण त्या दिवशी दुकानं रिकामी झाली होती. आमच्या घरधनिणीने नातवासाठी इथून शिवून नेलेल्या दोन गोधड्यांपैकी जुन्या लुगड्याची जाड गोधडी आणली. गोधडी, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर सुतळी. खालचं तोंड मोकळं ठेवलं, म्हणजे थेंब थेंब गळायला वाट राहते आणि जमिनीची ऊबही वर येते.

आणि जमिनीतल्या पाइपांचं काय, पाच व्हॉल्व्हांचं काय? आम्ही विचारलं. त्याचं उत्तर आम्हाला फार आवडलं. पोरगा म्हणाला, त्यांची घाई नाही. हवा एका रात्रीत थंड होते, जमीन होत नाही. उन्हाळाभर तापलेल्या मातीत ऊब साठलेली असते, ऑक्टोबरातल्या एकदोन रात्रींनी वीतभर खालचं पाणी गोठत नाही. पहिल्या झटक्यात मरतं ते उघड्यावरचं. म्हणून घाबरून सगळं एकाच दिवशी करायला जाऊ नये, उघड्यावरचं आधी सांभाळावं. हीच गोष्ट आपण रब्बीत पाहतो. ओली जमीन रात्री ऊब धरते, कोरडी भुसभुशीत जमीन लवकर थंड पडते. कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याला संध्याकाळी हलकं पाणी द्या म्हणतात ते यासाठीच. उशिरा पेरलेली रब्बी ज्वारी फुलोऱ्यात असताना रात्री फार गारठल्या तर परागच नासतो आणि कणसं पोचट राहतात. ज्याच्याजवळ पाणीच नाही त्याने पेरणीची वेळ सांभाळावी, दुसरा उपाय नाही.

गुरुवारी सकाळी उठलो तर अंगण पांढरं. आदल्या दुपारी बनियनवर उभे होतो तिथे घोट्याला झोंबणारा बर्फ! सुतळी बांधलेली गोधडी कोपऱ्यात उभी, डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या म्हातारीसारखी. शनिवारी ऊन पडलं आणि शेजारच्या अंगणात पुरुषभर उंच कारंजं उडालं. शेजाऱ्याचं यंत्र गुरुवारीच फुटलं होतं, पण आत बर्फाचा बुच बसलेला म्हणून कळलं नाही. बुच वितळला आणि पाणी सुटलं. बिचारा बाहेरगावी होता. आमच्या सूनबाईने त्याला फोन केला, त्याने सांगितल्यावर रस्त्याकडेची चावी बंद झाली. तोवर दोन तास पाणी वाहून गेलं. पाच मिनिटांच्या कामासाठी काही शे डॉलरांचा फटका.

पुढच्या आठवड्यात कारागीर आला. ट्रेलरवर भलंमोठं कॉम्प्रेसर. यंत्राच्या पुढच्या बाजूला नळी जोडून एकेक भाग उघडत त्याने हवेने पाणी बाहेर फेकलं, आधी नोझलातून पाण्याची धार, मग तुषार, मग नुसती वाफ. दोन-दोन मिनिटांच्या वर कुठलाच भाग चालवला नाही, कारण कोरड्या पाइपातून हवा सारखी सोडली की पाइप आणि नोझल तापून खराब होतात. दाब त्याने साडेतीन किलोच्या वर जाऊ दिला नाही. हवा भरपूर हवी, दाब कमी, असं त्याचं सूत्र. आणि आम्ही वाकून बघायला गेलो तर त्याने हाताने मागे सारलं, डोळ्यांवर चष्मा घालून दिला. कोंडलेल्या हवेने नोझल उडून डोळा गेल्याची उदाहरणं त्याला ठाऊक असावीत. आपल्याकडे फवारणीच्या वेळी असा चष्मा कोण कोणाला देतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली, तेव्हा चष्मा-हातमोज्यांची आठवण सगळ्यांना झाली. वर्षभराने विसरलो.

आता आमची फजिती सांगतो, कारण इथे सगळे आपलेच. यंत्र वाचलं म्हणून आम्ही मिशीवर ताव देत होतो. घराच्या मागच्या भिंतीत एक साधा नळ होता, त्याला रबरी नळी लावलेली. तिकडचे हे नळ हुशारीने केलेले असतात. दांडा लांब, पाणी बंद होतं ते भिंतीच्या आत ऊब असते तिथे, आणि बाहेरचा तुकडा आपोआप रिकामा होतो. पण नळी लावून ठेवली तर रिकामा होत नाही, पाणी आत कोंडून राहतं. पोराने फोनवर सांगितलं होतं, "नळी काढा." आम्ही 'हो' म्हटलं आणि त्या गडबडीत विसरलो. नळ भिंतीच्या आत चिरला. हिवाळाभर कोणालाच पत्ता नाही, कारण पाणी बंद होतं. २०२० च्या एप्रिलात, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, पोराने झाडांना पाणी घालायला तो नळ उघडला आणि अर्ध्या तासाने तळघरात घोटाभर पाणी. फोनवर पोरगा काही बोलला नाही. नुसता म्हणाला, "बाबा, ती नळी." अजूनही घरात आमचं काही चुकलं की घरधनीण एवढंच म्हणते, "ती नळी."

त्याच २०२० सालच्या सप्टेंबरात तर आणखी नवल झालं. ५ तारखेला डेन्व्हरचा पारा १०१, आपल्या मापाने अडतीसच्या वर, आणि ८ तारखेला बर्फ. तीन दिवसांत. या वेळी पोराने आधी नळी काढली आणि मग आम्हाला फोन केला.

आता ते पाणी येतं कुठून, हे बघू. हे आम्ही पोराला विचारलं तेव्हा त्याला नीट सांगता येईना. मग त्याच ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी त्याने गाडी काढली आणि तीनेक तास दक्षिण-पूर्वेला नेलं. क्राउली नावाचा जिल्हा, ऑर्डवे हे मुख्य गाव. जाताना पुढच्या भागात कोरडवाहू ज्वारी लागते हे कळल्यावर आमचा आनंद विचारू नका. कोलोरॅडोच्या त्या कोपऱ्यात आपल्यासारखी पावसावरची ज्वारी होते, फक्त बुटकी, लाल दाण्याची, जनावरांच्या खाद्यासाठी.

क्राउलीत मात्र काहीच नव्हतं. कोरडा कालवा, वाळलेलं तण, वाऱ्यावर गडगडत जाणारी काटेरी झुडपांची गोल वेटोळी. या जिल्ह्यात एके काळी पन्नास हजार एकरांच्या आसपास ओलीत होतं. बीट, खरबुजं, टमाटे, लसूणघास. बीटाच्या साखरेचा कारखाना होता, त्यावरून एका गावाचं नावच शुगर सिटी. तो कारखाना १९६७ साली बंद पडला. बीट घ्यायला कोणी उरला नाही, कर्ज उरलं. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क पहिला, असा कायदा आहे, म्हणून जुन्या कालव्याच्या पाण्याला किंमत भारी. शहरं वाढत होती. १९७० आणि १९८० च्या दशकांत ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, प्यूब्लो या शहरांनी तिथल्या शेतकऱ्यांचे हिस्से विकत घेतले. पन्नास हजारांतलं आज दहाव्या हिश्श्याच्या आसपास ओलीत शिल्लक आहे. गावात दुकानं कमी, आणि मोठी नोकरी देणारी जागा म्हणजे तुरुंग.

तर भावांनो, ज्या पाण्याला वाचवण्यासाठी आम्ही गोधडी गुंडाळली त्यातलं काही थेंब क्राउलीच्या बीटाचे होते.

यावर आपल्यात दोन मतं होतील, आणि व्हावीत. कोणी म्हणेल, कोणी बळजबरी केली नाही, शेतकऱ्याने आपल्या मालाला मिळाला तो भाव घेतला, त्यात काय चुकलं? आपणही आयुष्यभर हेच म्हणत आलो, की शेतकऱ्याला त्याची वस्तू विकायची मोकळीक हवी. आम्हीही तेच म्हणतो. ज्याला बीटाला भाव नाही आणि पाण्याला आहे, तो पाणी विकेल, त्याला बोल लावायचा हक्क कोणाला नाही. पण कालवा एकट्याचा नसतो. दहापैकी आठांनी विकलं की उरलेल्या दोघांच्या माथ्यावर सगळ्या कालव्याची डागडुजी येते, आणि मग त्यांनाही विकावंच लागतं. त्याला मोकळीक म्हणावं की ढकलाढकली, हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. आणि आपल्याकडे तर विकायचाही प्रश्न येत नाही. पाणी शासनाचं, वाटप शासनाचं. २०१० च्या सुमारास अप्पर वर्ध्याचं पाणी वीज प्रकल्पाला देण्यावरून अमरावतीत किती रान उठलं ते तुम्हाला आठवतं. तिथल्या शेतकऱ्याला निदान पैसे मोजले गेले.

तिकडेही आता वारं फिरलं आहे. नद्या आटल्या तशी अक्कल आली. २०२२ साली राज्याने गवत काढून कमी पाण्याची झाडं लावणाऱ्याला पैसे द्यायचा कायदा केला. ऑरोराने त्याच वर्षी नव्या वसाहतींत गवतावर बंधनं घातली. २०२४ च्या कायद्याने नव्या दुकानांच्या, कचेऱ्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला नुसतं शोभेचं गवत लावायला २०२६ पासून बंदी आली. पोराने पुढचं अर्धं गवत काढून टाकलं आहे. पाचांपैकी दोन व्हॉल्व्ह बंद. यंत्र मात्र आहे आणि गोधडीही आहे.

त्या यंत्राचं एक राहिलं, आणि आम्हाला आज खरं सांगायचं ते हेच. आम्ही पोराला विचारलं, की हे पितळी भूत बाहेर थंडीत उभं करण्यापेक्षा साधा पाइप जमिनीतून का नेत नाहीत? तो म्हणाला, ते गवतासाठी नाही, ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे. रस्त्याच्या मुख्य पाइपात दाब अचानक कमी झाला तर अंगणातलं पाणी उलटं ओढलं जातं. त्यात खत, औषध, कुत्र्याची घाण. ते सगळं गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून ते यंत्र. उलटी ओढ सुरू झाली की ते वरून हवा आत घेतं आणि धार तुटते. आपल्या एनआरव्हीचा थोरला भाऊच म्हणा. तिथे ते बसवल्याशिवाय फवारा लावू देत नाहीत, आणि ते नीट चालतं की नाही हे तपासून घ्यावं लागतं.

आणि आपल्याकडे? ठिबकवाल्या सात जणांनो, आता तुम्ही ऐका. तुम्ही व्हेंचुरीतून युरिया सोडता. टाकीतून विरघळलेलं खत पाइपात जात असतं आणि मध्येच वीज जाते. वीज जाणं ही आपल्याकडे नवलाई नाही. पंप थांबला की उभ्या पाइपातलं पाणी विहिरीकडे परत फिरतं. मध्ये एनआरव्ही नसेल, किंवा त्याची झडप कचऱ्याने अडकली असेल, तर खताचं पाणी सरळ विहिरीत. फुटव्हॉल्व्ह आहे म्हणाल, तर आपल्यापैकी कितींचे फुटव्हॉल्व्ह गळतात ते रोज सकाळी पंपात पाणी भरणाऱ्याला विचारा. आणि त्याच विहिरीचं पाणी वेचणाऱ्या बाया पितात, सालदार पितो, उन्हाळ्यात अर्धी वस्ती पिते. आमच्या स्वतःच्या विहिरीवर २०१९ पर्यंत एनआरव्ही नव्हता. सहा वर्षं आम्ही व्हेंचुरी चालवली होती. तिकडे परक्याच्या देशात गवताच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी वाचवायला गोधडी बांधत होतो आणि इकडे आपल्या विहिरीला झडप नाही. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगतो.

नोव्हेंबरात परत आलो तर वावरात काय दिसलं ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे पाऊस लागला होता, अरबी समुद्रात आधी क्यार आणि मागून महा, अशी दोन वादळं. फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला, ज्वारीच्या कणसांना कोंब फुटले, सोयाबीन गंजीत सडलं. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली, हेक्टरी आठ हजार, दोन हेक्टरांपर्यंत. एकराचे तीन हजार दोनशे. वेचणीची मजुरीही निघत नाही.

बऱ्याच जणांनी तेव्हा म्हटलं, हवामान खातं आधी सांगत नाही. आम्हाला विचाराल तर अंदाज येतात, पहिल्यापेक्षा बरेही येतात. पण तिकडे अंदाज ऐकून माणूस तळघरात जातो आणि पाच मिनिटांत चावी फिरवतो. आपल्याकडे अंदाज ऐकून दहा एकरांची बोंडं कुठे नेणार? दिवाळीच्या तोंडावर वेचायला माणूस मिळत नाही. वेचला तरी ठेवायला कोरडी जागा नाही, घरात खाटेखाली कापूस भरून आपण झोपतो. अंदाजाला किंमत येते ती हाताशी उपाय असला तरच. उपाय म्हणजे गावात एक कोरडं पक्कं गोदाम, ताडपत्र्या, आणि ओला कापूस वाळवायला ओटा. हे मागताना नुसती मदतवाढ मागून भागणार नाही.

तुषार संचवाल्या अकरा जणांना दोन शब्द. आपल्याकडे पाइप थंडीने फुटत नाहीत, उन्हाने आणि उंदराने फुटतात. हरभऱ्याचं शेवटचं पाणी झालं की पाइप धुऱ्यावर टाकून देऊ नका. पाणी काढा, आतली माती धुवा, रबरी रिंगा काढून डब्यात ठेवा, पाइप सावलीत आडवे रचा आणि तोंडं कापडाने बांधा. मागच्या साली एका पाइपातून नाग निघाला, आम्ही पाहिलं आहे. नोझलचं छिद्र तारेने साफ करू नका, छिद्र मोठं होतं आणि पाणी एकसारखं पडत नाही. काडी वापरा.

जेवणानंतर मांडवाच्या मागे, निंबाखाली, आम्ही एक अडीच इंची एनआरव्ही आणि एक जुना व्हेंचुरी मांडून ठेवला आहे. पाण्याचा ड्रम आणि लाल रंग आणला आहे. पंप बंद झाल्यावर रंग कुठे जातो ते झडप लावून आणि झडप काढून, दोन्ही रीतीने दाखवू. ठिबकवाल्यांनी जरूर यावं, आणि ज्यांच्या शेजाऱ्याकडे ठिबक आहे पण पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं आहे, त्यांनी तर यावंच. बायाबापड्यांनी पुढे बसावं. जुना फुटव्हॉल्व्ह कोणाजवळ बंडीत पडला असेल तर तोही घेऊन या.